जाम नदीपलीकडे गेलेला पत्रा

"छप्पर उडालं म्हणता, मग पत्रे कुठं आहेत?" मी विचारलं.

"वारा घेऊन गेला नं साहेब! मी काय पकडून ठेवू?" कुसुमकाकू तडकल्या.

पांढुर्ण्यात जाम नदीच्या काठी काकूंची लहानशी इमारत. एका खोलीत त्यांची पिठाची चक्की, दुसरी टेलरला भाड्यानं दिलेली. वादळ येऊन गेलं आणि वर नुसतं आभाळ उरलं. चक्की बंद, अन् काकूंचं घर तिच्यावरच चालणारं. विमा सरकारी कंपनीचा. मी सर्व्हेअर, म्हणजे नुकसान कशानं झालं ते पाहून रिपोर्ट देणारा.

उरलेले बोल्ट गंजलेले होते. फोटो पाठवले तसा छिंदवाड्याहून कंपनीच्या साहेबांचा फोन आला.

"हे तर वेअर अँड टेअर आहे. क्लेम नामंजूर लिहा."

वेअर अँड टेअर म्हणजे झीज. वाऱ्यानं नेलं तर भरपाई, झिजून पडलं तर काही नाही.

"पत्रा पाहिल्याशिवाय मी लिहीत नाही, साहेब."

"मग शोधा!"

काकूंनी नदीपलीकडे हात केला. "सावरगावात गेले म्हणतात. पण तिकडचे लोक कायले ठेवतीन? गेले असतीन भंगारात."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या जत्रेत हीच दोन गावं नदीच्या दोन्ही काठांवरून एकमेकांवर गोटे चालवतात. मलाही आशा नव्हती.

पूल ओलांडला. पाहतो तर काय, काठावरच्या बगिच्यात संत्र्याच्या झाडात पत्रा अडकलेला! फांद्या मोडून लोंबत होत्या.

"काढला का नाही?" मी मालकाला विचारलं.

"कसा काढू? खालून पीठ चिकटलं हाये, म्हणजे चक्कीवाल्या काकूचाच. इम्याचा साहेब पाहीपर्यंत कोणी हात लावू नका, म्हटलं घरच्यायले."

"अन् झाड?"

"झाड फुटते पुन्हा."

खरं सांगतो, त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

पत्रा जवळून पाहिला. बोल्टची भोकं लांब फाटली होती. म्हणजे गंजले तरी बोल्ट धरून होते, पत्राच फाटून निघाला. झिजलेलं छप्पर खाली पडतं, नदी ओलांडत नाही. हेच फोटोसकट साहेबांना कळवलं.

"मंजूर लिहा," एवढंच ते बोलले.

चक्की सुरू झाली. पहिलं पीठ सावरगावला गेलं, ते काकू स्वतः घेऊन गेल्या. माझा धडा साधा: वादळानंतर आवरायची घाई नको, आधी सर्व्हेअरला पाहू द्या.

"आता गोटमारीत त्यायचे गोटे माह्या नव्या पत्र्यावर पडले तरी चालतीन," काकू म्हणाल्या.

"तुम्हाला चालतील हो," मी म्हणालो, "पण त्याचा क्लेम घेऊन माझ्याकडे येऊ नका."