बादलीतल्या पाच पट्ट्या

वहिनींचा फोन आला तेव्हा मी भिंग घेऊन तीन नंबरच्या पट्टीवरचा रंग बघत होतो. वीतभर लाकडाची पट्टी, अर्धी मिठाच्या पाण्यात बुडवलेली, अर्धी उघड्यावर. अशा पाच पट्ट्या आमच्या रहाटणीच्या गॅलरीत एका बादलीत उभ्या आहेत. "भाऊजी, हे चहा घेऊन होडीपाशी बसले होते… आता उठत नाहीत," एवढंच वहिनी म्हणाल्या. मी पट्टी पुसली, जागच्या जागी ठेवली, वहीत तारीख घातली, 'रंगाला फुगा नाही' असं लिहिलं आणि मग पायात चप्पल सरकवली. जिवाभावाचा मित्र गेल्याचं कळल्यावर माणूस वहीत नोंद करत बसतो का? मी बसलो. नोकरीभर हेच केलं, हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. आता दोन महिने होत आले, पण त्या पानाकडे बघवत नाही.

दिगू मेस्त्री आणि मी चाकणला एकाच गाड्यांच्या कंपनीत होतो. तो पॅकिंगला, मी पेंट शॉपच्या क्वालिटीला. ओळख झाली ती कंपनीच्या बसमध्ये. काळेवाडी फाट्यावर दोघं एकत्र चढायचो आणि ड्रायव्हरच्या मागची सीट अडवायचो. तो मालवणकडचा, खाडीकाठचा. मी उदगीरकडचा, आमच्याकडं होडी म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं चित्र. त्यामुळं तो खाडीबद्दल काहीही ठोकून द्यायचा आणि मी ते खरं मानायचो. माझ्या हातून रोज चार-दोन दरवाजे, बॉनेट परत जायची, म्हणून त्यानं मला 'रिजेक्टसाहेब' असं नाव ठेवलं होतं. सगळ्या बसमध्ये ते पसरलं. मला राग यायचा, तो यावा म्हणूनच तो मोठ्यानं हाक मारायचा.

पुढं-मागं वर्षभरात दोघंही रिटायर झालो. मी घरात बसून बायकोच्या डब्यांवरचे गंजाचे डाग मोजायला लागलो आणि दिगूनं होडी बांधायला काढली. बाहेरून येणारी मोठी मशीनं पाइनच्या लाकडी पेट्यांत येतात, त्या पेट्यांच्या फळ्या चाकणला भंगारवाल्याकडं मिळतात. नोकरीभर तो पेट्या ठोकत आला होता, आता त्या उलगडून त्यानं घराखालच्या पार्किंगमध्ये दोन माणसं बसतील एवढी होडी उभी केली. आतल्या बाजूला फळ्यांवर काचेच्या पेल्याचं आणि वर जाणाऱ्या बाणाचं चित्र तसंच ठेवलं होतं. बुडायला लागलीच तर वर कुठं आहे ते कळेल, म्हणायचा. येणारे-जाणारे विचारायचे, मेस्त्री, पवना नदीत सोडणार का? तो म्हणायचा, पवनेत कशाला, तिथं जलपर्णीवर चालतच जाता येतं की राव.

होडी कशासाठी होती, ते त्यानं फार थोड्या लोकांना सांगितलं. त्याचं गाव खाडीच्या या काठाला, वहिनींचं माहेर समोरच्या. लग्न लागल्यावर नवऱ्यानं नवरीला स्वतःच्या होडीतून आणायची त्यांच्या घरातली रीत होती. पण दिगूच्या वडिलांची होडी लग्नाआधीच्याच पावसाळ्यात फुटली होती, म्हणून वहिनी दुसऱ्याच्या होडीतून सासरी आल्या. पुढं खाडीवर पूल झाला, होड्या बंद झाल्या, हे दोघं पोट भरायला इकडं आले. ती गोष्ट त्याच्या मनात जन्मभर सलत राहिली. एकदा, फक्त एकदा, बायकोला स्वतःच्या होडीत बसवून माहेरी पोचवायचं, बास. त्यानंतर होडी बुडाली तरी आपली हरकत नाही, असं तो हसत सांगायचा आणि वहिनी आत निघून जायच्या.

होळीच्या सुमाराला सुतारकाम संपलं. फटी भरून झाल्या, राहिला फक्त रंग. दिगू शेड कार्ड घेऊन माझ्याकडं आला आणि म्हणाला, "रंग तू पास करायचास. तुझी सही झाल्याबिगर मी हिला पाण्यात घालणार नाही." खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. रिटायर झाल्यापासून माझी सही कुणाला नको होती. बँकेतसुद्धा हल्ली अंगठा टेकवायला सांगतात. मी दुसऱ्याच दिवशी नवी वही आणली, रकाने आखले, शेवटच्या रकान्यावर 'निर्णय' असं लिहिलं.

शेड ठरवायला आम्ही तिघं पार्किंगमध्ये बसलो तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. वहिनी ज्या होडीतून आल्या ती हिरवी होती, तोच हिरवा दिगूला पाहिजे होता. तो म्हणे कैरीसारखा, वहिनी म्हणत शेवाळासारखा. चाळीस वर्षांपूर्वीचा रंग, दोघं शपथेवर सांगत होते आणि दोघांची बोटं कार्डावर वेगवेगळीकडे. शेवटी वहिनी म्हणाल्या, मी तेव्हा मान खाली घालून बसले होते, रंग मला जवळून दिसत होता, तुम्ही तर माझ्याकडं बघत होता. दिगू लाजला. साठी उलटलेला माणूस, अक्षरशः कानापर्यंत लाल झाला. शेवाळी ठरला.

शेड ठरली, पण कुठल्या जातीचा रंग लावायचा ते माझ्या हातात होतं. तिथं मी माती खाल्ली. पाइनच्या लाकडाला गाठी असतात, गाठीतून चीक येतो, वरचा रंग फुगतो, मग पाणी आत शिरतं. त्यात खाडीचं पाणी खारं. हे सगळं खरं आहे, आजही खरं आहे. कंपनीत नवा रंग लाइनवर जायच्या आधी त्याची पट्टी करून तीन महिने छळायची आमची पद्धत होती. मी म्हटलं, तीन महिने पट्ट्या ठेवायच्या. दिगूला मे महिन्यात जायचं होतं, एकदा पाऊस लागला की खाडीत लहान होडी घालता येत नाही. एरवी आमच्यासारखं बोलणारा तो माणूस त्या दिवशी एकदम मालवणीत गेला.

"मेल्या, ही होडी आसा, गाडी न्हय."

मी म्हटलं, खाऱ्या पाण्याला ते कळत नाही. मग त्यानं स्वतःच उरलेल्या फळीतून पाच पट्ट्या कापल्या, घासल्या, मागं पेन्सिलीनं एक ते पाच आकडे घातले. चारांवर माझे रंग, खालचा अस्तराचा हात बदलून बदलून. पाचवीवर त्याच्या गावचं काजूच्या टरफलांचं काळं तेल, तेही त्याच्या हट्टापायी. त्याचा बाप आयुष्यभर तेच लावायचा. मी त्या पट्टीकडं बघून नाक मुरडलं होतं.

मग दर रविवारी दहाच्या सुमाराला तो यायचा. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. प्रत्येक जिन्याच्या वळणावर तो थांबायचा, मला वरून त्याचा कठड्यावरचा हात दिसायचा. वय झालं, असं मी समजायचो. वर आला की धापा टाकत बादलीपाशी बसायचा आणि विचारायचा, झाली का पास? मी भिंग पुढं करायचो, घाई कशाला म्हणायचो. महिन्याभरातच दिसत होतं की पट्ट्यांना काही होत नाहीये. मला ते दिसत होतं, हे मी इथं लिहून ठेवतो. पण तीन महिने म्हणजे तीन महिने. मे संपला. पाऊस लागला. शेवटचा आला त्या रविवारी मीच म्हटलं, आता गणपतीला गावी जाशील तेव्हा टेम्पोत घालू, उघडीप बघून सोडू. तो म्हणाला, "बरं, गणपतीला." आणि उठताना दोन वेळा खाली बसला… मी वही मिटत होतो.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर मी वहिनींपाशी बसलो. त्यांनीच सांगितलं. होळीच्या आधी डॉक्टरांनी दिगूला स्पष्ट कल्पना दिली होती, हृदय थकलंय, काही महिने धरून चाला. मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं, विचारताना आवाज चढला माझा, त्यांच्यावर.

"मी म्हणत होते, भाऊजींना सांगा. तर म्हणाले, सांगितलं तर कांबळे आजच्या आज पास करील. मग ती सही कसली?"

त्या रागानं बोलल्या असत्या तर मी सोसलं असतं. त्या साध्या बोलल्या, बोलता बोलता माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. बसमधली इतकी वर्षं त्यानं माझी टर उडवली, माझ्या रिजेक्टपणाची नक्कल केली, आणि शेवटी त्याच गोष्टीच्या भरवशावर त्यानं उरलेले दिवस ठेवले. मी ते पट्ट्यांसोबत बादलीत घातले. लोक समजूत घालतात, तुला कुठं माहीत होतं? नव्हतं माहीत. पण जिन्यात थांबणारा हात तर दिसत होता ना.

होडी अजून पार्किंगमध्ये पालथी आहे. कोऱ्या लाकडावर पावसाळ्यात बुरशीचे काळे ठिपके आलेत. दिगूचा मुलगा इथंच जवळ माण गावात आयटीत आहे, भला पोरगा, तो विचारतो काका, हिचं काय करायचं. मागच्या आठवड्यात मी डबा आणि ब्रश घेऊनच गेलो. वहिनींना म्हटलं, दोन दिवसांत शेवाळी रंग लावतो, पाऊस सरला की आपण सगळे जाऊ, मुलगा वल्हवील, तुम्हाला माहेरी पोचवू. त्यांनी माझ्या हातातला डबा घेऊन पायरीवर ठेवला.

"भाऊजी, मला पलीकडं जायचं असतं तर पुलावरून एसटी जाते."

मी डबा घेऊन परत आलो. जिने चढताना मीही आता वळणावर थांबतो.

बादली काढून टाक, असं बायको म्हणते. डास होतात. मी दर रविवारी दहा वाजता पाणी बदलतो, मीठ घालतो, एकेक पट्टी पुसून उजेडात धरतो. पाठीमागचे दिगूचे पेन्सिलीचे आकडे पुसट होत चाललेत. वहीतला 'निर्णय'चा रकाना कोराच आहे. कुठल्याच रंगाला काही झालेलं नाही, त्याच्या काळ्या तेलालासुद्धा नाही. पाचही पास आहेत. मे महिन्यातही होत्या.