भिजत घातलेला वॉल

दाजी मेस्त्रींना कुणाची खुशाली कधी सरळ विचारता आली नाही. ते विचारायचे, "काय गळता?" मालवणच्या बंदराजवळ, घराला लागूनच, लाँचची इंजिनं आणि पंप दुरुस्त करायची त्यांची शेड होती, आणि इंजिनांच्या आवाजाने कान जरा मंद झाले होते. तिथे येणाऱ्याचं काही ना काही गळतच असायचं, त्यामुळे तिथे तो प्रश्न शोभायचा. पण दाजी तो लग्नात नवरदेवालाही विचारत. एकदा आमच्या शाळेचा पंप बघायला आले आणि नेमके तपासणीला आलेल्या साहेबांसमोर उभे राहिले. "काय गळता?" साहेबांनी दचकून आधी आपल्या विजारीकडे पाहिलं. मी त्या शाळेत गणित शिकवायचे. हसू दाबता दाबता मला धाप लागली, आणि साहेबांना सोडून दाजी माझ्याकडे वळले. "मास्तरीणबाय, तुझा मात्र खराच काय तरी गळता गो."

गळत होतंच. लहानपणी सांधेतापाने माझ्या हृदयाची एक झडप वाकडी करून ठेवली होती. रक्त पुढे जायचं तेवढं जायचं, उरलेलं माघारी फिरायचं. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, झडप बदलू, दिवाळीनंतर. नाही बदलली तर काय, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी छताच्या पंख्याकडे बराच वेळ पाहिलं. फार सभ्य गृहस्थ. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते, आणि साठीचं दशक संपत आलं होतं.

ही नवी झडप ज्या प्रयोगशाळेत तपासली जात होती तिथेच माझा मामेभाऊ अनंत इंजिनियर होता. चार वर्षं मुंबईचं पाणी प्यायल्यावर त्याला मालवणी बोलता येईनाशी झाली होती. आईशीसुद्धा तो अर्ज केल्यासारखा बोलायचा. मे महिन्यात आला तो खिशात झडप घेऊनच. तारेचा छोटा पिंजरा आणि आत रबरासारखा पांढरा गोळा. रक्ताचा लोट आला की गोळा वर उचलायचा, लोट थांबला की खाली बसून वाट बंद करायचा. प्रयोगशाळेत ही झडप काचेच्या नळीत बसवत, तिच्यातून ठोक्याठोक्याने पाणी सोडत आणि पाण्यात रंग टाकून भोवरे कुठे पडतात ते बघत. "एक थेंब मागे येत नाही," अनंत म्हणाला. जणू त्या थेंबांना त्याने स्वतः दम दिला होता.

मी त्याला दाजींच्या शेडमध्ये घेऊन गेले. दाजींनी झडप हातात घेतली, उलटीसुलटी केली, फुंकर मारली.

"ह्यो तर आमचो बॉलचो वॉल."

"काका, हा हृदयाचा आहे," अनंत म्हणाला.

"म्हणान काय झाला? काळीज म्हणजे पंपच मा?"

शेडमध्ये बोललेलं संध्याकाळपर्यंत गावभर होतं. पण वाटेत वॉलचा, म्हणजे व्हॉल्व्हचा, वाल झाला. मास्तरणीच्या काळजात वाल घालतले! मग काय, आमच्या ओसरीवर तज्ज्ञांची रांग लागली. एकीने विचारलं, कडवे घालतले की गोडे? दुसरीचं म्हणणं, आधी मोड आणले तर पचायला हलके. तिसरी तर घरचे सोललेले वाल पुडीत बांधून घेऊन आली, मुंबईचे किडके असतात म्हणून. एवढी काळजी घेणारी माणसं असल्यावर डॉक्टर हवेत कशाला?

दाजींची बायको पार्वतीकाकी त्याच पंथाची. दाजींना पेज वाढताना तिने विचारलं, "तो वाल रगतात भिजान फुगलो, मगे काय करतले?" हे मला काकीनेच सांगितलं. दाजी हसले नाहीत. त्यांनी वाटी तोंडाकडे नेता नेता खाली ठेवली आणि पेज तशीच टाकून आमच्या घरी आले.

"अनंता, तुमी ह्यो गोळो कशात भिजवलास?"

"पाण्यात. रक्ताइतका दाटपणा यावा म्हणून थोडं ग्लिसरीन घालतो."

"आणि रगतातली चरबी?"

"काका, चरबी वाहून जाते. गोळा ती खात नाही."

"माज्या पंपाचे वायसर डिझेल खातत. खावन खावन असे फुगतत की पंप अडाकता."

अनंताने मोठ्या माणसाचं मन राखायचं म्हणून बॅगेत पडलेले, तपासणीत नापास झालेले दोन गोळे त्यांना दिले. "खेळा," असं तो म्हणाला नाही, पण चेहरा तेच म्हणत होता.

दाजींनी एका पितळी पट्टीला भोक पाडलं, दोन्ही गोळे जेमतेम आरपार जातील एवढंच. एक गोळा पाण्याच्या बरणीत. दुसऱ्यासाठी त्यांना चरबीचं रक्त हवं होतं, आणि मालवणात रक्ताला सगळ्यात जवळचं काय असेल तर खोबरं वाटून पिळलेला नारळाचा रस. कोमट राहावा म्हणून त्याचं भांडं चुलीच्या वैलावर, बाजूच्या मंद आचेला. रस दुसऱ्या दिवशी आंबायचा, म्हणून रोज नवा नारळ. काकीचा संताप अगदी योग्य होता. "घोवाच्या कढीक रोस नाय, आणि त्या गोळ्याक सकाळी उठल्याबरोबर ताजो!" कालचा रस बोक्याला मिळे. दर रविवारी दाजी गोळे पुसून पट्टीतून टाकून बघत. विज्ञानाची प्रगती चार महिन्यांत फक्त बोक्यावर दिसत होती.

खरं सांगते, मला दाजींचा राग यायचा. मला जगायची एकच वाट होती आणि हा माणूस ती नारळाच्या रसात बुचकळून बघत होता. एकदा मी शेडमध्ये जाऊन त्यांना सुनावलंही. "तुम्हाला पंपातलं कळतं दाजी, माणसातलं नाही." ते हातातला पाना पुसत राहिले. म्हणाले, "माका माणसातला कळना नाय, म्हणानच बघतंय गो." मी घरी आले आणि रडले. मी घाबरले होते, दुसरं काही नाही.

गणपतीला अनंत आमच्या घरी आला. आरती झाली, मोदक झाले, आणि दाजी पट्टी आणि दोन गोळे घेऊन आले.

"मग काका, नारळाच्या रसावर प्रबंध लिहू का?" अनंत म्हणाला.

दाजींनी पाण्यातला गोळा पट्टीवर सोडला. तो भोकातून खाली पडला आणि पाटाखाली गेला. मग दुसरा सोडला. तो भोकावर बसून राहिला. अनंताने बोटाने दाबला. मग रुमालाने पुसून पुन्हा दाबला. मग खिडकीशी नेऊन बघितला. गोळ्याचा पांढरा रंग पिवळट झाला होता. अनंत खाली बसला आणि चार वर्षांनी पहिल्यांदा त्याच्या तोंडून मालवणी निघाली.

"दाजीनू, ह्यो तिच्या काळजात अडाकलो असतो."

"व्हय," दाजी म्हणाले. "म्हणानच इलंय."

दिवाळीनंतरची शस्त्रक्रिया रद्द झाली. प्रयोगशाळेत गोळे चरबीत ठेवून तपासले, तेही फुगले. पुढे धातूच्या गोळ्याची झडप आली, आणि तीही त्यांनी आधी चरबीत भिजवून पाहिली. अनंताने अहवाल पाठवला. त्यात 'वनस्पतिजन्य स्निग्ध द्रवात केलेल्या प्राथमिक निरीक्षणांनुसार' असं एक भारदस्त वाक्य होतं. तो द्रव कुणी, कुणाच्या चुलीवर ठेवला, याला अहवालात जागा नव्हती. प्रयोगशाळेतल्या साहेबांच्या नावांनीच पान भरलं होतं. मी चिडून ते दाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरा झाला. माजा नाव घातला असता तर मीच फुगलंय असतंय."

पुढच्या वर्षी मुंबईत माझी झडप बदलली. अडीच महिने मी तिथे होते आणि दर आठवड्याला दाजींना पत्र लिहीत होते. उत्तर आलं नाही. घरच्या पत्रात मात्र नेमाने ओळ असायची, 'दाजी बरे आहेत.' ते मी मुंबईला पोचले त्याच आठवड्यात शेडमध्ये इंजिन उघडता उघडता गेले होते. माझ्या हृदयाला धक्का सोसवणार नाही म्हणून सगळ्यांनी ठरवून लपवलं. आत धातूचा गोळा बसवलेल्या बाईला एक खरी गोष्ट सोसवली नसती म्हणे!

घरी आले तेव्हा कळलं. मी तशीच काकीकडे गेले. ती चुलीपुढे बसली होती. मला बघून उठली आणि फळीवरून माझी पत्रं काढून आणली. सगळी. एकही फोडलेलं नव्हतं. तिला वाचता येत नव्हतं, आणि दाजींची पत्रं दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायची नाहीत असं तिने ठरवलं होतं.

"तूच वाच," ती म्हणाली. "त्येंका सांगूक होया मा, वॉल चलता काय नाय ता."

मी सगळ्यात वरचं पत्र फोडलं. 'दाजी, आज पहिल्यांदा जिना चढले. धाप लागली नाही.' एवढं मी पुटपुटल्यासारखं वाचलं. काकीने पदराने डोळे पुसले, आणि शेडच्या बाजूचं दार उघडून परत माझ्याजवळ येऊन बसली.

"मोठ्यान वाच गो," ती म्हणाली. "त्येंका कमी ऐकाक येता."