फुटके बाओ स्टाफचे

इक्बालभाईंनी मला भांड्यांच्या मोरीतून उठवलं आणि डंपलिंगच्या कळ्या पाडायला बसवलं. हे आधी लिहून टाकतो. पुढचं लिहिताना माझं डोकं फिरणार आहे, आणि डोकं फिरलं की माणूस उपकार विसरतो. मी गुहागरकडचा, नववीतच शाळा सोडलेला. मस्कतला आलो तो साफसफाईच्या कंपनीतून. आज अझैब्यातल्या एका शांघायच्या पद्धतीच्या हॉटेलात डंपलिंग वळायला बसतो, अंगावर पांढरा कोट असतो, आणि गावी आई सांगते, ‘पोरगा शेफ आहे.’ हे सगळं इक्बालभाईंचं. हॉटेलचं नाव लिहीत नाही. मला अजून तिथंच काम करायचं आहे, आणि हे पेपरच्या पुरवणीत छापून आलं तर काय होईल, ही भीती आहेच. पण लिहिलं नाही तर झोप येणार नाही, असं झालंय.

ते गेले त्या शनिवारी संध्याकाळी हॉटेल भरलेलं होतं. माझे हात पिठात होते. आमच्या ड्रायव्हरचा फोन आला, शेजारच्याने तो माझ्या कानाला धरला. ड्रायव्हर इक्बालभाईंना घेऊन हॉस्पिटलात गेला होता. म्हणाला, “भाई, इक्बालभाई खलास.” आता इथं राहून राहून आमचे कान कसे झालेत बघा. इथं ड्युटी संपली की खलास, गाडी धुऊन झाली की खलास, तपासणी आटपली तरी खलास. मी म्हटलं, “अच्छा, खलास हो गया? तो रूम पे छोड़ दो, मैं खिचडी लेके आता हूँ.” मग तो हळू आवाजात म्हणाला, “नहीं भाई... खलास.” तेव्हा कुठे तो शब्द आपल्या गावच्या अर्थाने माझ्या कानात शिरला. गावी मी हा शब्द फक्त मेलेल्या माणसाबद्दल ऐकला होता. खिचडीत काय घालायचं, इथवर मी मनात पोचलो होतो.

आमची ओळख एका शिवीवरून झाली. नवीन असताना माझ्या हातून बश्यांचा ढीग निसटला आणि तोंडातून अस्सल कोकणी शिवी गेली. दारातून जाणारा उंच, टाय लावलेला कॅप्टन, म्हणजे वेटरांचा मुख्य, थबकला. “काय रे, गुहागर की चिपळूण?” मी घाबरून म्हटलं, “गुहागर, सर.” “मग सर काय बोलतंस? मी दापोलीचा. भाई बोल.” तेव्हापासून दुपारच्या सुट्टीत ते मला शोधत यायचे. माझ्या डब्यात नुसता भात दिसला की आपल्या डब्यातलं मच्छीचं कालवण त्यावर ओतायचे. त्या वर्षी डंपलिंग वळणारे दोघं चिनी कारागीर एकदम मायदेशी गेले आणि हेड शेफ हवालदिल झाला. इक्बालभाई त्याला म्हणाले, हा भांडी घासणारा आहे ना, याच्या घरी गणपतीत मोदक वळतात, याला कळ्या पाडता येतात. मोदकाच्या कळ्या! हे सांगणारा माणूस पाच वेळा नमाज पढणारा. पण लहानपणी शेजारच्या जोशीकाकूंच्या ओट्यावर बसून त्यांनी मोदक वळताना बघितले होते, आणि ‘कळ्या’ हा शब्द त्यांनी जपून ठेवला होता.

शेफने मला पारीचे गोळे दिले. मी काय केलं असेल? घरची सवय. बोटांना चांगलं तेल लावलं आणि बसलो. उकडीला तेल लागतं, नाहीतर ती हाताला चिकटते. मैद्याच्या पारीला तेल लागलं की तिचं तोंडच मिटत नाही. दिसायला माझे बाओ, म्हणजे ती डंपलिंग, देखणे, अठरा-अठरा कळ्या, वर नाकसुद्धा काढलेलं. बांबूच्या टोपलीत वाफेवर ठेवले आणि सगळ्या बाओंनी आ वासला. आत गोठवलेलं सूप असतं, वाफेने ते वितळतं, तीच सगळी गंमत. ते सगळं खाली वाहून गेलं. शेफ ओरडला, “खलास! भांडी!” मी कोट काढायला लागलो. तेवढ्यात इक्बालभाई आत येऊन टोपलीत डोकावले आणि म्हणाले, “वा संदेश, आज सगळ्या स्टाफचं पोट भरलंस.” कारण आमच्याकडे रीत अशी, की फुटके बाओ स्टाफचे. सगळे हसले, शेफसुद्धा. मग ते शेफला म्हणाले, याला आठ दिवस द्या, जबाबदारी माझी. त्या आठ दिवसांत मी तेलाची वाटी विसरलो आणि पीठ लावायला शिकलो. पुढे आमच्या किचनमध्ये नेपाळी, फिलिपिनो, सगळेच ‘कळी’ म्हणायला लागले. “भाई, कळी टाइट करो.” इक्बालभाईंना याचा केवढा अभिमान.

पण फुटके बाओ स्टाफचे, हे मी तेव्हा हसून सोडून दिलं. आज हसू येत नाही. त्या हॉटेलात लोक येतात ते बाओतल्या रसासाठी. तो टेबलावर आल्या आल्या खायचा असतो. इक्बालभाई प्रत्येक गेस्टला कसं खायचं ते समजावून सांगायचे. मराठी कुटुंब दिसलं की मराठीत. “आधी चमच्यात घ्या. कडेला एवढंसं भोक पाडा. घाई नको, आत विस्तव आहे. आधी रस प्या, बाकीचं मग.” एकदा इंडियन स्कूलमधली एक छोटी मुलगी अडखळत म्हणाली, “अंकल, तुम्हाला... तो सूप कसा लागते?” भाई जराही न थांबता बोलले, “आजारी पडल्यावर आई पायाचं सूप देते ना, तसं. पहिल्या घोटाला गोड, मागून जरा आल्याचा झणका.” ती मुलगी खूश. मी किचनच्या काचेमागून ऐकत होतो. सुट्टीत त्यांना विचारलं, “भाई, तुम्ही कधी अख्खा खाल्लात?” ते म्हणाले, “नाय रे. फुटक्यात कसला आलाय रस? पण तोंडं बघून कळतं. पहिला घोट घेतला की कितीही बडबड्या माणूस असो, गप होतो. त्यावरून सांगतो मी.” मी म्हटलं, एखादा उचला की हळूच. तर म्हणाले, “चोरून खाल्लेलं घशाखाली उतरत नाय. बसून खाईन एक दिवस. तुझ्या भाभीला घेऊन.”

भाभी म्हणजे त्यांच्या बायको, झैनबभाभी. त्यांच्या लग्नाची बरीच वर्षं फोनवरच गेलेली. मागच्या थंडीत त्या व्हिजिटवर पहिल्यांदा मस्कतला आल्या. भाईंनी सुट्टीच्या दिवशी दोन जणांचं टेबल बुक केलं, आपल्याच हॉटेलात, आपल्याच नावाने. नवा आकाशी शर्ट घेतला. मला आदल्या दिवशी दम दिला, “उद्याच्या टोपलीत एक जरी कळी सैल असली ना, तर तुला परत मोरीत बसवीन.” मी त्या दोघांसाठी वळलेले बाओ वेगळे ठेवले होते. काचेतून मला दार दिसतं. ती दोघं आली. भाभींनी काळ्या अबायावर गावाकडून आणलेली हिरवी ओढणी घेतली होती आणि त्या दिव्यांकडे बघत होत्या. आमचे मॅनेजर पुढे झाले. हा माणूस आपल्याच महाराष्ट्रातला, दिवाळीला आम्हाला मराठीत शुभेच्छा पाठवणारा. मी भिंतीवरची टोपली घ्यायच्या निमित्ताने दाराशी गेलो.

“इक्बाल, तू समजूतदार आहेस,” मॅनेजर हसून सांगत होते. “तू इथं बसलास तर लोक तुलाच पाणी मागतील. बरं दिसतं का?”

“आज सुट्टी हाय साहेब. गेस्टसारखं बिल भरणार.”

“बिलाचा प्रश्न नाही रे. अर्बाबांचा, मालकांचा रूल आहे. स्टाफ डायनिंगला बसत नाही. वहिनींना पार्सल देतो ना, माझ्याकडून.”

भाई एकदा भाभींकडे बघून म्हणाले, “ठीक हाय साहेब.” अहो, ठीक काय! माझ्या हातातली टोपली मॅनेजरच्या डोक्यात घालावीशी वाटली. घातली नाही. मी टोपली घेऊन आत गेलो आणि बाओ पार्सलच्या डब्यात भरले.

भाईंची रूम माबेलाला, तिथं जाईपर्यंत पाऊण तास लागतो. ड्युटी संपवून मी पोचलो तर डबा तसाच मधोमध ठेवलेला. पाऱ्या एकमेकींना चिकटून बसलेल्या, एक काढायला गेलं की दुसरी फाटायची. भाईंनी भाभींच्या हातात चमचा दिला आणि सगळं पाठ केलेलं म्हणून दाखवलं, आधी चमच्यात घे, भोक पाड, घाई नको. भाभींनी एक तोंडात टाकला. “हे वातड हाय. आणि रस कुठं गेला?”

“रस हाटेलात बसलाय. ऐटीत.”

“आणि तुम्ही उभे,” भाभी म्हणाल्या.

आम्ही तिघंही खूप हसलो. मग भाभींनी भाकऱ्या थापल्या, मच्छी वाढली आणि डबा फ्रीजवर ठेवून दिला. कचऱ्यात टाकायचं धाडस कोणाला झालं नाही. भाभी पुढच्या आठवड्यात गावी गेल्या. नवराबायकोची ती शेवटची भेट.

उन्हाळा सुरू झाला तशी भाईंच्या छातीत जळजळ सुरू झाली. ते गॅसची गोळी घ्यायचे. त्या गुरुवारी पायऱ्या चढताना त्यांना घाम फुटला. मी मागे लागलो म्हणून ते डॉक्टरकडे जायला सुट्टी मागायला मॅनेजरकडे गेले. उत्तर आलं, “शुक्रवार-शनिवार फुल बुकिंग आहे. वीकेंड निघू दे, रविवारी निवांत जा.” रविवारी आम्ही त्यांना मस्कतच्याच कबरस्तानात मातीला दिलं. तेवढा निवांतपणा मिळाला. इथंच दफन करायला भाभींनी फोनवरच होकार दिला. शेवटचं तोंडही त्यांनी फोनवर बघितलं. मी लांब उभा होतो, कसं करायचं ठाऊक नव्हतं. शेजारच्या अनोळखी माणसाने माझ्या ओंजळीत माती दिली.

मग काय झालं ऐका. हॉटेलात रिसेप्शनवर भाईंचा टायमधला फोटो लागला. पुढे पांढरी फुलं, खाली इंग्रजीत ‘आमच्या कुटुंबातला सदस्य’. कुटुंबातला! ज्याला कुटुंबासकट दारातून परत पाठवलं, तो. आणि महिन्याने जाहीर झालं, भाईंच्या आठवणीत सोमवारी दुपारी हॉटेल बंद, सगळ्या स्टाफला डायनिंग हॉलमध्ये जेवण. आम्ही भिंतीला चिकटून उभे राहिलो. त्या खुर्च्या आम्ही रोज पुसतो, पण बसायची कोणाची छाती होईना. अर्बाब आले होते, हॉटेलचे ओमानी मालक. जनाज्याला त्यांनी खांदा दिला होता. ते हिंदीत म्हणाले, “बैठो, क्यों खड़ा है?” कोणीतरी पुटपुटलं, रूल आहे, स्टाफ बसत नाही. अर्बाबांनी भुवया चढवल्या. “किसका रूल? मैं तो कभी नहीं बोला.”

मी मॅनेजरकडे बघितलं. ते टेबलावरच्या रुमालाची घडी नीट करत होते.

म्हणजे रूल नव्हताच. अर्बाबांना कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. आपल्या भाषेत बोलणाऱ्या एका माणसाला आपला माणूस खुर्चीत बसलेला बघवला नाही, इतकीच गोष्ट. मी भित्रा आहे, इथं प्रत्येक गोष्टीला भितो. व्हिसाला भितो, फोनच्या रिंगला भितो. पण आज लिहितोय. साहेब, तुम्ही ही पुरवणी वाचता हे मला माहीत आहे. इक्बालभाईंनी तुमच्याबद्दल शेवटपर्यंत वाईट शब्द काढला नाही. मी भाई नाही.

आमच्यापुढे टोपल्या आल्या. मी इतकी वर्षं हजारांनी वळलेला बाओ पहिल्यांदाच माझ्यापुढे अख्खा, गरम होता. चमच्यात घेतला, भोक पाडलं, रस प्यायलो. पहिल्या घोटाला गोड. मागून आल्याचा झणका. एका शब्दाचाही फरक नाही. न खाता त्या माणसाने हे लोकांना सांगितलं होतं. मला वाटलं होतं, कडू तरी लागेल, घशाशी तरी अडकेल... कुठलं काय, चांगला लागला. त्याचाच मला सगळ्यांत जास्त राग आला.

आता त्यांच्या जागी दुसरा कॅप्टन आलाय, केरळचा. परवा एका टेबलाशी वाकून तो सांगत होता, आधी चमच्यात, कडेला भोक, घाई नको, आत आग आहे. मधे जिथे भाई श्वास घ्यायचे तिथेच तो थांबला. कोणाकडून शिकलास विचारलं तर म्हणाला, सगळे असंच सांगतात.

झैनबभाभींना मी अर्बाबांचं ते वाक्य अजून सांगितलेलं नाही. फोनवर सांगण्यासारखं ते नाही. पुढच्या सुट्टीत दापोलीला जाणार आहे. पाऱ्या तिथंच लाटीन, सूप तिथंच शिजवून गोठवीन. फ्रीज आहे का, ते विचारून घेतलंय. लाइट गेली तर कसं, ही धास्ती आत्तापासून लागली आहे. पण भाभींना खुर्चीवर बसवीन, मी उभा राहीन, आणि वाफेवरून उतरवलेला पहिला अख्खा बाओ त्यांच्या चमच्यात ठेवीन. आणि त्या गप्प होतात का, ते बघीन. त्या दिवशी जमलं नाही तर पुन्हा जाईन. इक्बालभाई, आठ दिवसांसाठी तुम्ही माझी जबाबदारी घेतली होतीत. ते देणं मी फेडणार आहे. उशीर होईल, पण फेडणार.