तिओमिनारच्या दगडावरची ओळ

तळ्याकाठच्या त्या गावात थडगी बांधणारा माणूस एकच, आणि तो कोणावरही विश्वास ठेवत नसे. सिमेंटचं पोतं आलं की चिमूटभर बोटांत चोळून बघायचा. दगड आतपर्यंत काळा आहे असं विकणारा म्हणाला, की कोपरा फोडून बघायचा. त्याचं नाव जाइन्दो मालाऊ. पण पहिली नात झाल्यापासून सारं गाव त्याला ओंपू लामरिया, म्हणजे लामरियाचा आजोबा, म्हणत आलं होतं.

चाळीस वर्षं त्यानं दगडात बायबलची वचनं कोरली. प्रत्येक वचन आधी स्वतः उघडून बघायचा. घरच्यांनी सांगितलं एवढ्यावर छिन्नी उचलली नाही.

मग त्याची बायको तिओमिनार वारली. जाण्याआधी आपली ओळ सांगून गेली. "देवदूत मरियेला तिच्या पुत्राबद्दल म्हणाला ना, त्याच्या राज्याला अंत नाही? तेवढंच लिहा. लांबड लावू नका."

शनिवारी दगड बसवायचा, पाहुण्यांना जेवण घालायचं, असं ठरलं. सोमवारी तिचा थोरला भाऊ बिन्सार आला. बायकोच्या माहेरच्यांनी होकार दिल्याशिवाय तिच्या दगडावर अक्षर चढत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"दाजी, तीच ओळ घालणार?"

"तिनं सांगितली ती."

"पौलानं करिंथकरांना काय लिहिलंय ते वाचलंत? पंधरावा अध्याय. शेवटी पुत्र राज्य बापाच्या हाती देतो आणि स्वतःही त्याच्या अधीन होतो. मग अंत नाही कसा?"

"तुम्ही कधीपासून वाचायला लागलात, मेव्हणे? चर्चमध्ये तर घोरत असता."

"डोळे मिटलेले असतात. कान उघडे असतात."

ओंपूला डावाचा वास आला. बिन्सारला बहिणीच्या दगडावर आपल्या बापाच्या दगडावरचं स्तोत्र हवं होतं, म्हणून ही खुसपटं. पण तो गेल्यावर ओंपूनं पान उघडलं, तर पौलाचं वाक्य तिथं होतं. सरळ, स्वच्छ.

तो ओट्यावर बसून राहिला. समोर डोंगराची सावली पाण्यावरून सरकत होती. हीच ओळ त्यानं किती दगडांवर कोरली होती! ओळ पुस्तकात आहे की नाही, एवढंच त्यानं दर वेळी बघितलं. बाकीचं पुस्तक तिला दुजोरा देतं का, हे कधी बघितलंच नव्हतं. आता बायकोच्या उशाशी खोटं कोरायचं, की तिचा शेवटचा शब्द मोडायचा?

मंगळवारी तो चर्चच्या पाळकबाईंकडे गेला. त्या तरुण होत्या, कोंबड्यांना दाणे टाकत होत्या.

"शत्रूंना पायाखाली घालायचं काम संपतं, आजोबा," त्या म्हणाल्या. "मरण हा शेवटचा शत्रू. तो हरला की पुत्र सगळं बापाला अर्पण करतो. राज्य संपत नाही."

"फार चटकन उत्तर दिलंत."

"मग सावकाश देते."

"शिकून ठेवलेलं दिसतंय."

"शिकूनच आले. तुम्ही काय छिन्नी आईच्या पोटातून घेऊन आलात?"

तो हसला नाही. घरी येऊन स्वतः वाचायला बसला, ओळीखाली बोट धरून. दानिएलात राज्य अक्षय होतं. इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात पुत्राचं आसन युगानुयुग होतं. प्रकटीकरणात मात्र राज्याची हजार वर्षं आली, आणि संशय पुन्हा ताठ झाला. ज्याला अंत नाही त्याची वर्षं मोजतंय कोण? तो पुढं वाचत गेला. हजार वर्षं सरली, मरण आगीत पडलं, आणि शेवटच्या अध्यायात आसन होतंच. देवाचं आणि कोकराचं, म्हणजे पुत्राचं, दोघांचं मिळून एक. आपल्या बाटाक भाषेतल्या छपाईत चूक असेल म्हणून त्यानं शेजाऱ्याचं इंडोनेशियन बायबल मागून आणलं. तिथंही एकच.

पण दिलेलं राज्य देणाऱ्याकडे राहतं कसं? इथं तो शनिवारपर्यंत अडून राहिला.

शनिवारी दुपारी पाहुणे जमले. डुकराच्या डोक्याचा मानाचा वाटा ताटात मांडून ओंपूनं रीतीप्रमाणे बिन्सारपुढं धरला. बिन्सारनंही ताटाखाली हात दिले आणि आशीर्वाद सुरू केला. तो लांबला. आशीर्वाद संपला तरी ओंपूचे हात ताटाखालीच.

"सोडा आता, दाजी."

"तुम्ही नीट धरलंय का बघतोय."

"देऊन झालं की."

"झालं ना? मग आता मी उठून गेलो तर चालेल?"

"कुठं जाता?" बिन्सार म्हणाला. "तुम्ही दिलंत आणि समोर बसलात, म्हणून हा मान. गेलात तर मी नुसतं डुकराचं डोकं घेऊन बसलोय."

ओंपूनं हळूच हात काढून घेतले. तो तिथंच, ताटासमोर बसला. ताट देऊन झालं होतं, आणि तरी मान दोघांचा होता.

"तिची ओळ कोरू का, मेव्हणे?"

"कोरा."

"एवढ्या लवकर हो म्हणालात?"

"भूक लागलीय."

जेवणं उरकल्यावर त्यानं छिन्नी घेतली. तिओमिनारची ओळ मोठ्या अक्षरांत कोरली. मग तिच्याखाली, बारीक अक्षरांत, करिंथकरांना लिहिलेल्या पत्राचा पंधरावा अध्याय आणि प्रकटीकरणाचा शेवटचा अध्याय, असे दोन आकडेही.

बिन्सार वाकून बघत होता. "हे कशाला?"

"उद्या तुमच्यासारखा कोणी येईल," ओंपू धूळ फुंकत म्हणाला. "या तिन्ही वचनांना विचारल्याशिवाय त्यानं तिच्याशी वाद घालू नये."