मर्नाच्या मुंग्या चुकल्या तेव्हा

मर्ना ट्रेगिल्गस ही बुर्रा गावाच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली शेवटची ऑपरेटर बाई. बावीस वर्षं ती स्विचबोर्डपुढे बसली. कानाला हेडफोन, हातात प्लग, आणि गावात कोण कुणाला कशासाठी फोन करतं ते सगळं पोटात. मग यंत्रं आपोआप फोन जोडायला लागली, एक्स्चेंज बंद झालं, आणि मर्ना आमच्या संशोधन केंद्रात स्वयंपाकाला आली. केंद्र म्हणजे गावाबाहेरची जुनी शाळा. विद्यापीठाची माणसं उन्हाळ्यात येऊन राहायची, आणि यंत्रं-पंप-जाळ्या सांभाळायला मी होतो. मी क्लेम. त्याच गावचा, मर्नापेक्षा दहा वर्षांनी लहान, म्हणून जन्मभर तिची बोलणी खाल्लेला.

शहाण्णवच्या जानेवारीत, म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळ्यात, इल्डी कोवाच आली. चाळिशीची, काटकुळी, सिगारेट सोडून महिना झालेली, त्यामुळे सतत हातात पेन्सिल. आधी संगणकावर काम करायची, ते सोडून तत्त्वज्ञानाकडे वळलेली. तिला एकच ध्यास होता: गणना ही फक्त यंत्रातच होते, की निसर्गातही? मुंग्या रस्ता शोधतात तेव्हा त्या हिशेब करतात असं म्हणता येईल का? तिच्याबरोबर डेन्झिल ओट्स होते, निवृत्त भौतिकशास्त्रज्ञ. ते आले होते ते केवळ तिला खोडून काढायला, आणि ते तसं उघड सांगतही होते.

तीन दिवस जेवणाच्या टेबलावर तोच वाद.

"एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत नियमाने जाणं म्हणजे गणना," इल्डी म्हणायची.

"मग माझं हे सूप गार होतंय, तेही नियमानेच," डेन्झिल म्हणायचे. "सूप गणित करतंय म्हणू? शाळेत घालू त्याला?"

तिसऱ्या दिवशी मर्ना मटण भरलेल्या गरम पॅस्टींचा ट्रे ठेवताना म्हणाली, "सूपला राँग नंबर लागत नाही, प्रोफेसर."

डेन्झिलनी वर पाहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे मी एकदा पाद्रीबाबांचा फोन दारूच्या दुकानाला जोडला. ती चूक होती. गावभर झाली. तुमचं सूप गार झालं तर त्यात चुकलं कोण? सूपला चुकताच येत नाही. ज्याला चुकता येत नाही त्याने हिशेब केला असं कसं म्हणायचं?"

इल्डी पॅस्टी हातात धरून उभीच राहिली. मटणाचा रस मनगटावरून कोपरापर्यंत गेला तरी तिला पत्ता नाही. "परत सांगा," ती म्हणाली. "तेच, तसंच, परत सांगा."

त्याच दुपारी दोघी टोप्या घालून ओढ्याकडे गेल्या. तिथे मांसमुंग्यांची, म्हणजे मोठ्या लाल मुंग्यांची, वारुळं आहेत, खडीने झाकलेली, कढई उपडी घातल्यासारखी. त्यांचे रस्ते गवत साफ करून केलेले, बोटभर रुंद, वर्षानुवर्षांचे. वारुळापासून निलगिरीपर्यंत जायचं, पानांवरच्या किड्यांचा गोड रस प्यायचा, पोट फुगवून परत यायचं.

"यांना चुकायला लावायचं," मर्ना म्हणाली. "आणि बघायचं, सुधारतात का."

पत्रा मीच रोवला. रस्त्याच्या मधोमध आडवा, आणि वरच्या कडेला टाल्कम पावडर, म्हणजे चढताना पाय घसरावेत. मुंग्या दोन दिवस गोंधळल्या आणि मग लांबून वळसा घालून जायला लागल्या. आठवडाभराने वळशाचा रस्ता पक्का झाल्यावर आम्ही पत्रा काढून घेतला. आता सरळ वाट मोकळी, आणि मुंग्या मात्र वळशानेच चालल्यात!

मर्नाने टाळी वाजवली. "चुकल्या! बघ, इल्डी, चुकल्या!"

चौथ्या दिवशी सगळी रहदारी सरळ वाटेवर आली. दोघी शाळेत नाचत आल्या. डेन्झिल आरामखुर्चीत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "जवळच्या वाटेने जाणारी मुंगी लवकर परत येते. तिथे तिने सोडलेला वास लवकर साचतो. बाकीच्या वासामागे जातात. संपलं. नदीसुद्धा वळण तोडून सरळ वाट धरते. नदीने चूक सुधारली म्हणायचं का?"

इल्डीने हातातली पेन्सिल मोडली. मर्ना तडक स्वयंपाकघरात गेली. दोन दिवस तिचं स्वयंपाकात लक्ष नव्हतं. मटणात मीठ नव्हतं, केक खाली लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पंपाला तेल देत होतो, तर ही एप्रन घालूनच धावत आली.

"क्लेम, नदीची कुणी वाट बघत नाही!"

"काय?"

"अरे, नदीच्या दुसऱ्या टोकाला कुणी उपाशी बसलेलं नाही. पाणी आज पोचलं काय, उद्या पोचलं काय, नदीचं काय बिघडतं? माझ्या बोर्डावर राँग नंबर ही चूक का ठरायची? कारण पलीकडे कुणीतरी डॉक्टरची वाट बघत असायचं! वारुळात पिल्लं आहेत. ती उपाशी आहेत. म्हणून लांबची वाट ही चूक!"

इल्डी खिडकीतून ऐकत होती. ती दाराने न येता खिडकीतूनच बाहेर आली. "तर मग पोट भरलेलं असेल तर ती चूक उरणार नाही," ती म्हणाली. "मर्ना! हे तपासता येतं!"

दोन वारुळं निवडली, एक पाण्याच्या टाकीजवळचं, एक कुंपणाजवळचं. दोन्हींच्या वाटेत पत्रे, दोन्हीकडे वळसे, दोन्ही पत्रे एकाच दिवशी काढले. फरक एवढाच की कुंपणाच्या वारुळाच्या तोंडाशी मर्ना रोज बशीभर साखरेचा पाक ठेवायची. टाकीवाल्यांना काही नाही. डेन्झिलनी पैज लावली, हरणाऱ्याने आठवडाभर भांडी घासायची.

मोजणी मर्नाची. एक्स्चेंजमध्ये ती दर पाव तासाला किती फोन झाले त्याच्या रेघा ओढायची, तशाच रेघा आता मुंग्यांच्या. डोक्यावर ओला टॉवेल, खाली उलटी बादली, बेचाळीस डिग्रीत. गुडघ्यापर्यंत मुंग्या चढायच्या, चावायच्या, ती झटकायची आणि रेघ ओढायची.

तिसऱ्या दिवशी टाकीवाल्या उपाशी मुंग्या सरळ वाटेवर आल्या. कुंपणावाल्या वळशानेच चालत होत्या. चौथा दिवस, पाचवा, आठवा, तरी वळसाच. अकराव्या दिवशी आम्ही थांबलो. इल्डी वाळलेल्या गवतात लोळण घेऊन हसत होती. मी गंभीर माणूस आहे, पण मीही टोपी हवेत फेकली आणि ती टाकीत पडली.

डेन्झिल पुन्हा बोललेच. "पोट भरलेल्या मुंग्या कमी फिरतात. त्यांना सरळ वाट सापडलीच नसेल."

मर्नाने वही त्यांच्या मांडीवर ठेवली. "चष्मा लावा. पाचव्या दिवशी कुंपणावाल्या बावीस जणी सरळ वाटेने जाऊन आल्या. सहाव्या दिवशी एकोणीस. वाट सापडली होती, प्रोफेसर. बाकीच्यांनी ढुंकून पाहिलं नाही. टाकीवाल्यांतल्या अठरा जणी गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळं वारूळ त्यांच्यामागे. तुमचा वास दोन्हीकडे तोच ना?"

डेन्झिलनी वही उलटसुलट पाहिली. रेघा मोजल्या. एकदा नाही, तीनदा. "अदलाबदल करा," शेवटी ते म्हणाले. आवाजात आता खोडून काढायची खुमखुमी नव्हती, बघायची घाई होती. "पाक टाकीवाल्यांना द्या. मी मोजतो एका बाजूला."

फेब्रुवारीत पत्रे पुन्हा रोवले, वळसे पक्के झाल्यावर काढले आणि पाकाची अदलाबदल केली. आता डेन्झिल कुंपणापाशी दुसऱ्या बादलीवर बसलेले, आणि दोघे म्हातारे लांबून एकमेकांना आकडे ओरडून सांगतायत. चौथ्या दिवशी सकाळी डेन्झिल ओरडले, "मर्ना! आल्या! सगळ्या आल्या सरळ वाटेवर! अगं ये लवकर!" आणि टाकीपाशी पाकावर पोसलेल्या मुंग्या निवांत वळसा घालत होत्या.

भांडी डेन्झिलनी घासली. वाईट घासली, पण आठवडाभर घासली.

निबंधावर तिघांची नावं होती. मासिकवाल्यांनी विचारलं, एम. ट्रेगिल्गस कोणत्या संस्थेच्या? मर्नाने स्वतःच्या हाताने लिहिलं, "बुर्रा टेलिफोन एक्स्चेंज (बंद)." आणि ते तसंच छापून आलं. पुढे त्यावर बरेच वार झाले. दोन वारुळांवरून एवढी झेप कशी घेता, भूक आणि चूक एकच कशा, असं पुष्कळांनी लिहिलं. इल्डी म्हणायची, लिहू दे, ते आता भांडतायत कशावर ते बघा.

ॲडलेडला परिसंवाद झाला तेव्हा मर्नाला व्यासपीठावर बोलावलं. दोनशे माणसं. ती निळा ड्रेस आणि नवे बूट घालून गेली होती. सुरुवातीला मागच्यांना ऐकू येईना इतकं हळू बोलली. मी पहिल्या रांगेतून बघत होतो. पण पहिला प्रश्न आला आणि तिचा बोर्डावरचा आवाज परत आला. एका तरुण प्राध्यापकाने विचारलं, "मग तुमच्या मते माझा संगणक गणना करत नाही?"

"त्याला उशीर झाला तर त्याचं काय बिघडतं?" मर्ना म्हणाली.

"त्याचं काहीच नाही. माझं बिघडतं."

"मग हिशेब तुमचा, बाळा. तो नुसता बोर्ड."

सभागृहात गलका झाला. निम्मे उभे राहून आक्षेप घेत होते, निम्मे टाळ्या वाजवत होते, आणि इल्डी सगळं उतरून घेत होती. डेन्झिल माझ्या कानाशी म्हणाले, "मुंग्या गणित करतात हे मला अजून पटलेलं नाही, क्लेम. पण सूपचं उदाहरण मी यापुढे देणार नाही."

परतताना मर्ना गाडीत सलग बोलत होती. वारुळाच्या आत कोण ठरवतं पोट भरलं म्हणून? एकेक मुंगी, की सगळ्या मिळून? मला काही कळत नव्हतं, मी हं हं करत होतो. टार्ली गावाच्या पुढे ती एकदम ओरडली, "थांब! क्लेम, थांब म्हणते ना!" मला वाटलं कांगारू आडवा आला. मी करकचून ब्रेक मारला.

रस्त्याच्या कडेला एक वारूळ होतं, आमच्या दोन्हींपेक्षा मोठं, आणि त्यातून एक नाही, पाच रस्ते पाच दिशांना गेलेले. मर्ना नवे बूट घालूनच खड्ड्यात उतरली, गुडघ्यांवर बसली, आणि पर्समधून परिसंवादाची छापील पत्रिका काढून तिच्या मागच्या कोऱ्या पानावर रेघा ओढायला लागली.

"मर्ना, तुझे मोजे!" मी म्हणालो. मुंग्या पोटरीवर चढल्या होत्या.

"तिकडची बाजू तू मोज," ती वर न बघता म्हणाली. "आणि बोलू नकोस."