गाडीला आवाज न देण्याचा हट्ट

पावसाळ्यात आमच्या नाटक कंपनीची गाडी नंदनवन नावाच्या वस्तीत एका मोकळ्या प्लॉटवर उभी असे, आणि मी त्या गाडीत राहत असे. जुनी बस होती. सीटा काढून झोपायच्या फळ्या ठोकलेल्या, मागच्या दारापाशी माझा स्टोव्ह. बाकीची मंडळी शेतीच्या कामाला आपापल्या गावी जात. माझं गाव कोकणात, तिथे वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं. सहावीत शाळा सुटलेल्या बाईला कंपनीत स्वयंपाकाचं काम आणि हे पत्र्याचं छप्पर मिळवून दिलं ते ड्रायव्हरदादांनी. त्यांचे उपकार मी आजही मानते. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे भांडण आहे ते त्यांच्याशीच.

गावी जाताना दादा बजावून जात, रोज सकाळी गाडीला आवाज द्यायचा. अगरबत्ती ओवाळायची, चावी फिरवायची, इंजिन थोडं घुरघुरू द्यायचं आणि बंद करायचं. सकाळी जिचा आवाज निघत नाही ती गाडी सुतकात, असं सगळेच ड्रायव्हर धरून चालत. मी नेमाने आवाज देत राहिले. तरी दिवाळीनंतर बॅटरी मेलेलीच निघायची, आणि राजापासून विदूषकापर्यंत सगळी कंपनी गाडीला खांदा लावायची. शेवटी मालक म्हणाले, "आता पुन्हा ढकलावी लागली तर सरळ भंगारात घालतो."

गाडी गेली असती तर माझं घरच गेलं असतं. माझा जीव थाऱ्यावर राहीना. शहरातल्या महाल भागात बॅटरी चार्ज करून देणाऱ्या एका दुकानदाराला जाऊन विचारलं.

"इंजिन चालू असते तवा तो चार्जिंगचा लाल दिवा इझते का?" त्याने विचारलं.

"नाही. मी बंद करेपर्यंत तसाच."

"मंग? बॅटरी देऊनच राहिली ना, घेऊन कुठं राहिली? रोज तिच्या तोंडचा घास काढता, न् मंग म्हनता मेली!"

त्या पावसाळ्यात मी आवाज दिलाच नाही. पान्याने वायरी सोडवल्या, रिक्षावाल्याच्या हाताने बॅटरी उतरवून लाकडी फळीवर ठेवली. दर महिन्याला सायकलरिक्षात घालून महालात न्यायची, चार्ज करून आणायची. ॲसिडने लुगड्याला भोकं पडली. पडू देत, म्हटलं.

पोळ्यानंतर एका सकाळी दादा अचानक आले.

"काहून वं बाई, दोन घंटे बसलो प्लॉटवर, गाडीचा आवाज नाही?"

"वायरी सोडल्यात, दादा."

"कोनाले विचारून? माह्या गाडीले जित्तेपनी मारून ठेवलं तू! आन तो पाना."

मी पाना कमरेला खोचला. "नाही देणार. तुम्ही म्हणाल तसं करून बघितलं. दोनदा ढकलली."

"मी तुले इथं आनलं, न् मलेच शिकवून राहिली?"

त्यांनी मनात आणलं असतं तर त्याच दिवशी मला बाहेर काढता आलं असतं. तरी म्हटलं, "तुम्ही आणलंत म्हणूनच घर वाचवतेय. नाही चालू झाली तर मी आपणहून उतरेन."

ते निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही.

दिवाळीनंतर पहिला खेळ रामटेकला होता. आदल्या दिवशी मी बॅटरी चार्ज करून आणली आणि वायरी पुन्हा जोडल्या. सगळ्यांसमोर दादांनी चावी फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि थांबलं. दुसऱ्यांदा फिरवली तशी गाडी दणकन सुरू झाली. मालक खूश होऊन म्हणाले, "वा! ड्रायव्हर असावा तर असा!"

दादा मान डोलवत हसले. मी गाडीत चढले नाही. दाराशी खालीच उभी राहून म्हणाले, "दादा, तुमचे उपकार मी रोज बोलून दाखवते. आज तुम्ही एकदा बोला. बॅटरी कोणी सांभाळली?"

इंजिन चालूच होतं. दादांनी माझ्याकडे बघितलं, मग स्टिअरिंगकडे.

"हिनं," ते मालकांना म्हणाले. "म्या तं नाही म्हनलं होतं."

मग मी चढले आणि स्टोव्हच्या शेजारी माझ्या जागेवर जाऊन बसले.