ओल्या सरकीचा हीटर

विज्ञानाचा उपयोग माणसाच्या उन्नतीसाठी झाला पाहिजे, असे माझे ठाम मत हैदराबादला दोन वर्षे शिकून झाले होते. त्या मताचा पहिला प्रयोग आमच्या मोटारीवर झाला.

आम्ही नळदुर्गचे सरकीचे आडते. लढाईच्या दिवसांत अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सोलापूरच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी मोटार घेतली आणि वखारीची एक बाजू रिकामी करून तिथे उभी केली. त्या जागेला अप्पा 'गॅरेज' म्हणत. (बाकी सगळे वखारच म्हणत.) हिवाळ्यात सकाळी मोटार सुरू होत नसे. हँडल मारणाऱ्या गड्याच्या अंगाला घाम फुटे, पण मोटार थंडगार ती थंडगारच.

एरवी कोणाचे अडले नसते. पण माझी थोरली बहीण अक्का लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन घरी आली होती आणि तिला सोलापूरला मास्तरणीची परीक्षा द्यायची होती. पास झाली तर स्वतःच्या भाकरीला ती कोणाची मिंधी राहणार नव्हती. परीक्षा सकाळी अकराला.

"सर्व्हिस मोटारीनं तिकीट काढून जाते की मी," अक्का म्हणाली.

"गठुड्यांत आणि कोंबड्यांत बसून?" अप्पा म्हणाले. "दारात मोटार असताना? लोक काय म्हणतील?"

तेव्हा गॅरेज रात्रभर उबदार ठेवणे आले. अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणाली, "शेगडी ठेवा की."

"पेट्रोल आहे तिथं," मी म्हणालो. "गॅरेजसकट वखार जाईल."

रॉकेलचा स्टोव्ह त्याच कारणाने बाद झाला, शिवाय रॉकेल कार्डावर मिळे आणि तेवढ्यात घरचा कंदीलही भागत नसे. माझ्याजवळच्या एका कॅटलॉगात विजेच्या हीटरचे सुबक चित्र होते. ते अप्पांना फार आवडले. मात्र नळदुर्गात अजून वीज आलेली नव्हती.

मग मला सुचले. सरकी ओली झाली की ढिगात आपोआप तापते, या एका गोष्टीला सगळे आडते घाबरून असतात. तेच संकट कामाला लावायचे. जाळ नाही, धूर नाही, आणि माल घरचा. मी तीन पोती भिजवून ठेवली. तिसऱ्या दिवशी अप्पांनी एका पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि डोळे मिटून म्हणाले, "व्हय रे. ऊब हाय."

"वास पण हाय," अव्वा म्हणाली.

परीक्षेच्या आदल्या दुपारी पोती इंजिनाला लावून वर घोंगडी टाकली. अप्पांनी पुढचाही विचार केला होता. "परीक्षा झाली की रातचा मुक्काम सोलापुरात. तिथं काय थंडी न्हाय? पोती संगं घ्यायची." अक्काने माझ्याकडे पाहिले, मग पोत्यांकडे पाहिले, आणि अव्वाचं काही काम आहे म्हणून बाजारात गेली.

पहाटे तिसऱ्या हँडलला मोटार सुरू झाली. अप्पांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की तशी नजर माझ्या कुठल्याही निकालाला मिळालेली नव्हती. पोती मागे चढली. अक्का त्यांच्या शेजारी पाय आखडून बसली आणि आम्ही निघालो.

निजामाची हद्द संपते तिथे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता. जमादाराने पोत्यावर काठी टेकवली. "इसमें क्या है?"

"हीटर," अप्पा म्हणाले.

जमादाराने हात घालून मूठभर बाहेर काढली. "ये तो सरकी है. परवाना?"

लढाईमुळे सरकी हद्दीबाहेर न्यायला परवाना लागे, हे आडत्याला सांगायची गरज नव्हती. पण अप्पा म्हणाले, "सरकी हाय, पण ती सरकी म्हणून चाललेली न्हाय."

इथे मी पुढे झालो. हैदराबादच्या उर्दूत उष्णता कशी निर्माण होते ते सविस्तर समजावून दिले. जमादाराने अदबीने ऐकले आणि मुन्शीला ते सगळे लिहून घ्यायला सांगितले. लिहून झाल्यावर ध्यानात आले, की माल सरकीच आहे, तो आमचाच आहे आणि आम्ही तो जाणूनबुजून चढवला आहे, हे तिन्ही मी सहीनिशी कबूल केले होते. मोटार अडकली.

ऊन वर आले. अक्का खाली उतरली. "जमादारसाहेब, बाईमाणसाला परवाना लागतो का?"

"नहीं, बहन."

तेवढ्यात मागून सर्व्हिस मोटार आली आणि कोणी हात न करता तिच्यापुढे थांबली. "थांब जरा, सुटतोच आपण," अप्पा म्हणाले.

"या तुम्ही सावकाश," अक्का म्हणाली आणि चढली. आम्ही दुपारी चारला सुटलो, तेही माघारी.

अक्का पास झाली. पुढे अणदूरच्या शाळेत तिने आयुष्यभर शिकवले. तिला मोटारीने परीक्षेला पोचवले असे अप्पा शेवटपर्यंत सांगत आणि ती मान डोलावत असे. अप्पा गेल्यावर एकदा मी तिला विचारले, की ती सर्व्हिस मोटार थांबली कशी?

"ड्रायव्हरला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. नाक्यावर मला घ्या म्हणून."

"म्हणजे सरकी धरणार हे तुला ठाऊक होतं?"

"आडत्याची लेक हाय मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दोघं लई खुशीत होता," ती म्हणाली.

त्या सर्व्हिस मोटारीला गॅरेज नव्हते. ती रात्रभर वेशीबाहेर चिंचेखाली उभी असे.